गोफणीची गाठ सुटली का? बाळंतपणानंतर तळाचा स्नायू सोनोग्राफीत पाहताना

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडची बाई घरून पाणी पिऊनच निघते. पहाटेची एसटी पकडलेली, पिशवीत रिकामी झालेली बाटली, आणि दवाखान्याची पायरी चढता चढता पहिलं वाक्य, "डॉक्टर, माझं आधी करा, आता थांबवत नाही." गरोदरपणात कुणीतरी सांगितलेलं तिनं जन्मभरासाठी लक्षात ठेवलेलं असतं. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचा स्नायू पाहायच्या या तपासणीला नेमकं उलटं हवं. मूत्राशय रिकामं, शक्यतो पोटही साफ. भरलेलं मूत्राशय किंवा भरलेलं गुदाशय जागा अडवून बसतं आणि जे अंग खाली उतरायला हवं ते उतरतच नाही. त्यामुळे पहिली पायरी मशीनपाशी नाही, फोनपाशी आहे. तारीख देणाऱ्या सिस्टरला शिकवून ठेवा: "पाणी पिऊन यायचं नाही, इथे आल्यावर आधी लघवीला जाऊन यायचं." बाळंतिणीला लोहाच्या गोळ्या चालू असतात, पोट जड झालेलं असतं. दोन दिवस आधीपासून ते साफ राहील असं बघायला सांगा.

मी तळकोकणात एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसते. ही तपासणी मोठ्या केंद्रात वर्षभर राहून शिकलेली नाही. दोन छोटी प्रशिक्षणं आणि पुढचं सगळं स्वतःच्या चुकांतून. हे लिहितेय ते नव्यानं प्रोब हातात घेणाऱ्या डॉक्टरांसाठी. पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

कुणाला पाहायचं आणि कधी

"प्रोलॅप्स" हा शब्द घेऊन कुणी येत नाही. बाई म्हणते, "अंग बाहेर येतं", "बसले की खाली काहीतरी लागतं", "सगळं सैल झालंय". मालवणी बोलणारी असेल तर, "खोकलो इलो की जाता थोडी." आणि हे ती सासूसमोर बोलत नाही. बाळाच्या लसीसाठी आलेली असते, निघताना दाराशी घुटमळते. तेव्हा तुम्हीच विचारायचं: लघवी सुटते का, वारा आवरता येतो का, हंडा उचलताना किंवा लावणीत वाकल्यावर खाली ओढ बसते का, संबंधाच्या वेळी काही वेगळं वाटतं का. लावणीचा प्रश्न हमखास विचारा. दिवसभर चिखलात वाकून काम केलेली बाई संध्याकाळी काय वाटतं ते नेमकं सांगते.

तक्रार नसली तरी मी काही जणींना मुद्दाम बोलावते: फोर्सेप्स (बाळाचं डोकं ओढायचा चिमटा) लावलेल्या, कळा देण्याची वेळ फार लांबलेल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीची, म्हणजे गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत, चीर गेलेल्या. तळाचा स्नायू हाडापासून सुटणं ही इजा आपण शोधतो, आणि फोर्सेप्स हा तिचा सगळ्यात ठळक धोका आहे. व्हॅक्यूममध्ये तो इतका वाढत नाही. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालेल्या बाईत ही इजा जवळपास दिसतच नाही.

आता वेळ. सव्वा महिन्यानं बाळंतीण माहेराहून तपासायला येते तेव्हा प्रोब लावण्याचा मोह होतो. लावा, पण निकाल देऊ नका. मी दिला होता. सुरुवातीच्या दिवसांत सहाव्या आठवड्यात एका मुलीला सांगून बसले की उजव्या बाजूचा स्नायू हाडापासून सुटलाय. ती रडली, तिची आई माझ्याकडे बघत राहिली. सहा महिन्यांनी परत आली तेव्हा स्नायू जागेवर होता. आधी जे काळं दिसलं ते बहुधा साकळलेलं रक्त आणि सूज होती, शिवाय तिला तेव्हा स्नायू आवळताच येत नव्हता. तेव्हापासून तीन महिन्यांच्या आत पक्का निकाल लिहीत नाही, आणि शंका असेल तर सहा महिने थांबते.

नेमकं काय शोधतो आहोत

पुस्तकातली चित्रं पाहून हा तळाचा स्नायू म्हणजे लिव्हेटर अ‍ॅनाय डोक्यात बसत नाही. मी विद्यार्थ्यांना गोफण आठवायला सांगते. शेतात पाखरं हाकायची गोफण: दोन दोऱ्या आणि मधे दगड ठेवायची खोळ. या स्नायूचा आतला पट्टा, प्युबोरेक्टॅलिस, म्हणजे तीच. दोन्ही दोऱ्यांची टोकं पुढे जघनास्थीला (ओटीपोटाच्या पुढच्या हाडाला) बांधलेली, खोळ मागे गुदमार्गाला वेढा घालून. या गोफणीच्या आत जी मोकळी जागा तो लिव्हेटर हायेटस. मूत्रमार्ग, योनी आणि गुदमार्ग तिथूनच खाली उतरतात, आणि बाळाचं डोकंही तिथूनच यावं लागतं.

त्या डोक्याला वाट देताना स्नायूचा सगळ्यात आतला भाग किती ताणला जातो याचं संगणकी गणित २००४ साली मांडलं गेलं: मूळ लांबीच्या ३.२६ पट. हातापायाचा कुठलाही स्नायू इतका ताण सहन करणार नाही. बहुतेक जणींत तो करतो, हेच नवल. काहींत एका दोरीची गाठ हाडावरून निघून येते. स्नायू मधे फाटत नाही, भिंतीतला खिळा उपटावा तसा मुळाशी सुटतो. यालाच अ‍ॅव्हल्शन म्हणायचं.

ही इजा नवी नाही. अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड गेनी यांनी १९४३ सालीच बोटानं चाचपून तिचं वर्णन केलं होतं. मग कित्येक दशकं ती विस्मरणात गेली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. डीलॅन्सी यांच्या गटानं एमआरआय करून पाहिला. एकदा योनीमार्गे बाळंत झालेल्या १६० जणींपैकी ३२ जणींत स्नायूत दोष दिसला, मूल न झालेल्या ८० जणींत एकीतही नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीट्झ आणि लान्झारोन या डॉक्टरांनी तेच सोनोग्राफीनं बाळंतपणाच्या आधी आणि नंतर पाहिलं: योनीमार्गे बाळंत झालेल्या ३९ पैकी १४. आकडे लहान आहेत, पण बाळंतपणाच्या आधी नव्हतं आणि नंतर आलं, हे त्यात स्वच्छ दिसलं.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाका. लघवी सुटणं म्हणजे अ‍ॅव्हल्शन असं नाही. खोकताना लघवी जाण्याशी या इजेचा संबंध फारसा घट्ट नाही; अंग बाहेर येण्याशी आहे, तिथे धोका साधारण दुप्पट होतो. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या बाईत स्नायू धडधाकट दिसला तर तपासणी चुकली असं समजू नका.

मशीन, कायदा, खोली

पोटाचा साधा वक्र प्रोब चालतो. बाळ बघायला वापरतो तो ४ ते ८ मेगाहर्ट्झचा व्हॉल्यूम प्रोब (त्रिमिती चित्र, म्हणजे 'व्हॉल्यूम', घेणारा) असेल तर उत्तम, कारण स्नायूचे आडवे काप त्यातूनच मिळतात. योनीत घालायचा प्रोब इथे वापरत नाही. सगळी तपासणी बाहेरून, योनिमुखावर प्रोब टेकवून होते, हे बाईला आधी सांगा. निम्मी भीती तिथेच जाते.

कायद्याचं थोडक्यात. मशीन आणि केंद्र १९९४ च्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदलेलं हवंच, तपासणी गर्भाची असो वा नसो. नवी मशीन घेताना समुचित प्राधिकाऱ्यांना कळवण्यात आळस नको. 'एफ' फॉर्म गरोदर बाईसाठी असतो. पण अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी आलेली नसते आणि तरी दिवस गेलेले असू शकतात. शंका आली की आधी लघवीची चाचणी.

खोलीत बाई मदतनीस हवीच, दाराला कडी हवी, आणि तपासणी चालू असताना कुणी "मॅडम, जरा सही" म्हणून आत येता कामा नये. साडी असेल तर ती वर घेऊन चालतं, वेगळा गाऊन देऊन तिला संकोचात टाकू नका. पाय गुडघ्यात दुमडून टाचा कुल्ल्यांजवळ. बाळंतपणाच्या टेबलावर निजवलं तर पाय फार ताणू नका.

प्रोबवर जेल, त्यावर पावडर नसलेला हातमोजा किंवा पातळ प्लास्टिक, त्यावर पुन्हा जेल. पावडरच्या हातमोज्यानं पडद्यावर रेघोट्या उठतात आणि नवखा माणूस मशीनला दोष देत बसतो. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. जेल कोमट असलं तर बरं. अंगावर पाजणाऱ्या बाईची योनी कोरडी आणि हुळहुळी झालेली असते, हे विसरू नका. काम झाल्यावर प्रोब पुसून निर्जंतुक करायचा, आच्छादन होतं म्हणून सोडायचा नाही.

आणि पावसाळ्यात यूपीएस. जुलैत ऐन तपासणीत वीज गेली आणि घेतलेला व्हॉल्यूम साठवायचा राहिला, म्हणजे त्या बाईला पुन्हा गुडघे दुमडून झोपायला सांगायचं. एकदा अनुभव घेतला की माणूस प्रत्येक व्हॉल्यूम लगेच साठवतो.

प्रोब टेकवणे

दोन्ही ओठ हळूच बाजूला करून प्रोब उभा, मधल्या रेषेत टेकवा. पडद्यावर डावीकडे वरच्या बाजूला सिम्फिसिस (जघनास्थीचा मधला सांधा), मग उजवीकडे सरकत मूत्रमार्ग आणि मूत्राशय, योनी, आणि शेवटी गुदमार्गाचा कोन. त्या कोनामागे पांढरट चमकणारी पट्टी दिसते, ती लिव्हेटर प्लेट, म्हणजेच गोफणीची खोळ. काही जण पडदा उलटा लावतात. कुठलाही लावा, पण रोज एकच. सिम्फिसिस प्रोबच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरच्या आत असायला हवी. लांब दिसली तर प्रोब नीट टेकलेला नाही.

सिम्फिसिस ओळखू येईपर्यंत पुढे जाऊ नका. पुढची सगळी मोजमापं तिच्या खालच्या-मागच्या कडेपासून होतात. पहिल्या वीस-पंचवीस बायकांत फक्त एवढंच केलंत, मधला छेद स्वच्छ आणला आणि अवयवांची नावं घेतली, तरी वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

आवळणे आणि कुंथणे: इथेच सगळं फसतं

नवख्यांचे चुकीचे रिपोर्ट मी पाहिले तेव्हा मशीन क्वचितच दोषी होतं. बहुतेक वेळा बाईला काय करायचं तेच कळलेलं नव्हतं. तिला तीन गोष्टी करायला लावायच्या असतात: सैल पडून राहायचं, स्नायू जास्तीत जास्त आवळायचा, आणि नीट कुंथायचं. शब्द चुकले की कृती चुकते.

आवळण्यासाठी "स्नायू आकुंचित करा" म्हटलंत तर ती पोट आत ओढेल, मांड्या जुळवेल, श्वास रोखेल. पडद्यावर काहीच हलणार नाही. मी म्हणते, "लघवी मधेच अडवता ना, तसं करा. आणि वाराही अडवा. आतून वर ओढून धरा." मालवणी बाईला, "लघवी मधीच अडवतास ना, तशी वर ओढून धरा." तरी जमत नसेल तर पडदा तिच्याकडे फिरवा. ती पांढरी पट्टी दाखवा आणि सांगा, "ही पट्टी पुढे, या हाडाकडे सरकली पाहिजे." बाईला स्वतःचा स्नायू हलताना दिसला की चेहराच बदलतो. एक काजू कारखान्यात काम करणारी ताई तीन वेळा नुसतं पोट आत घेत होती, पडदा दाखवल्यावर चौथ्या वेळी पट्टी झटकन पुढे आली आणि ती हसून म्हणाली, "अरे, हे होय!" खरं आवळणं कसं ओळखायचं? लिव्हेटर प्लेट सिम्फिसिसकडे वर-पुढे येते, हायेटसची पुढून-मागची लांबी कमी होते, मूत्राशयाची मानही किंचित वर सरकते.

कुंथणं याहून अवघड. कारण बाईला भीती असते: लघवी होईल, वारा सुटेल, डॉक्टरांसमोर लाज जाईल. मग ती कुंथता कुंथता खालून आवळूनही धरते. पडद्यावर याची खूण स्पष्ट आहे: कुंथताना हायेटस लांब व्हायला हवा, तो आखूड होतो. हे दिसलं तर ते चित्र मोजू नका, त्यातला प्रोलॅप्स खोटा कमी दिसेल. थांबा, तिला सांगा, "इथे सगळं झालं तरी चालतं, खाली कागद घातलाय." मालवणीत एवढंच, "वारो सुटलो तरी चलात." "जोर द्या" हा शब्द मी टाळते, त्यानं कळांच्या खोलीची आठवण होऊन काही जणी ताठरतात. "परसाकडला बसल्यासारखं कुंथा, मी सांगेपर्यंत सोडू नका" हे बरोबर लागू पडतं. किमान सहा सेकंद कुंथवा. मी मनात नाही, मोठ्यानं मोजते. तीन प्रयत्न घ्यायचे, त्यातला सगळ्यात चांगला मोजायचा.

आणि तुमचा हात. आवळताना प्रोब घट्ट टेकलेला हवा, कुंथताना मात्र हात सैल सोडायचा. उतरणारं अंग तुमच्याच प्रोबनं वर ढकललं तर दिसणार काय?

काप पाहणे

बाईनं जास्तीत जास्त आवळून धरलेलं असताना व्हॉल्यूम घ्या. अ‍ॅव्हल्शन शक्यतो याच अवस्थेत पाहायचं, कारण आवळलेला स्नायू जाड आणि ठळक दिसतो. तिला अजिबातच आवळता येत नसेल तर नाइलाजानं सैल अवस्थेतला घ्यायचा. मशीनमधला कोन जास्तीत जास्त ठेवा, साधारण ८५ अंश. कमी ठेवला तर स्नायूच्या दोन्ही कडा चौकटीबाहेर जातात.

आता मधल्या छेदात एक तिरकी रेघ मनात ओढा: सिम्फिसिसच्या खालच्या-मागच्या कडेपासून लिव्हेटर प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत, जिथे हायेटस सगळ्यात अरुंद आहे. ही पातळी शून्य धरायची. मशीनला २.५ मिलिमीटरच्या अंतरानं आठ काप करायला सांगा, शून्याच्या खाली ५ मिलिमीटरपासून वर १२.५ मिलिमीटरपर्यंत. निकालाला महत्त्वाचे तीन काप: शून्याचा, वरचा २.५ चा आणि ५ चा. पातळी बरोबर लागली का याची खात्री सिम्फिसिसच देते. शून्याच्या कापात तिच्या दोन बाजू उघड्या दिसतात, पुढच्यात मिटत येतात, त्यापुढच्यात मिटलेल्या. ती तशी दिसत नसेल तर पातळी चुकली आहे. रेघ पुन्हा लावा.

तिन्ही कापांत एखाद्या बाजूचा स्नायू हाडापासून सुटलेला दिसला तर त्या बाजूचं पूर्ण अ‍ॅव्हल्शन. एका किंवा दोन कापांत दिसला तर अर्धवट म्हणा आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नका. दोन बाजू वेगळ्या दिसल्या की डोळा लगेच अडकतो, त्यामुळे एका बाजूची इजा नवख्यालाही सापडते. खरी फसगत दोन्ही बाजू सुटलेल्या असतात तेव्हा होते. चित्र अगदी सममित, देखणं दिसतं, आणि आपण "नॉर्मल" लिहून मोकळे होतो. माझ्या हातून हे झालेलं आहे. ती बाई वर्षभरानं अंग बाहेर येतंय म्हणून दुसऱ्या गावी दाखवून आली, आणि तिथल्या डॉक्टरांचा मला फोन आला.

तेव्हापासून डोळ्यावर भरवसा नाही, मोजपट्टी. मूत्रमार्गाच्या मध्यापासून स्नायूच्या हाडावरच्या जोडापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं. २५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरलं तर शंका पक्की. चिनी बायकांवरच्या अभ्यासात ही मर्यादा २३.६५ निघाली होती. आपल्याकडच्या लहानखुऱ्या चणीच्या बाईत २४ भरलं तर मी "नॉर्मल" म्हणून पुढे जात नाही, काप पुन्हा बघते आणि बोटानं चाचपते.

कुठली बाजू उजवी, कुठली डावी, हेही एकदा ठरवून घ्या. नवी मशीन आली की एका बाजूला बोटानं हलकेच दाबून पडद्यावर काय हलतं ते बघायचं आणि मशीनवर चिठ्ठी चिकटवायची. हास्यास्पद वाटेल, पण चुकीच्या बाजूचं नाव असलेला रिपोर्ट त्याहून वाईट.

एसटीची वेळ झाली म्हणून बाई घाईत असेल तर व्हॉल्यूम साठवून तिला जाऊ द्या. काप रात्री निवांत पाहता येतात. आपल्या भागात ही मोठी सोय आहे. दोन-तीन शंकेचे व्हॉल्यूम नाव काढून जाणत्या मित्राला पाठवून विचारताही येतं.

फोर-डी (व्हॉल्यूम घेणारं मशीन) नसेल तर

साध्या मशीनवरही बरंच दिसतं. मधल्या छेदातून प्रोब एका बाजूला सरकवा आणि किंचित बाहेर कलवा. मूत्रमार्गाच्या बाजूनं स्नायूची पट्टी हाडाच्या खालच्या कडेपर्यंत सलग जाताना दिसली पाहिजे. ती मधेच थांबून हाडापाशी काळी पोकळी उरली तर अ‍ॅव्हल्शनचा संशय घ्या. दुसरी बाजूही तशीच बघा. सराव लागतो, पण चालतं.

बोट तर प्रत्येकाकडे आहे. तर्जनी योनीत, मूत्रमार्गाच्या शेजारी, जघनास्थीच्या खालच्या कडेवर. बाईला आवळायला सांगा. जोड शाबूत असेल तर बोट आणि मूत्रमार्ग यांच्या शेजारीच आवळणारा स्नायू लागतो. सुटलेला असेल तर बोट नुसत्या हाडावर घसरत राहतं. आधी चाचपून अंदाज कागदावर लिहायचा, मग सोनोग्राफीत ताडून बघायचा. असं केलं की बोट हळूहळू शहाणं होतं.

कुंथतानाची मोजमापं आणि गुदद्वार

चांगल्या कुंथण्याच्या व्हॉल्यूममध्ये, त्याच सगळ्यात अरुंद पातळीवर हायेटसचं क्षेत्रफळ मोजा. २५ चौरस सेंटिमीटरच्या आत ठीक. २५ ते ३० सौम्य फुगवटा, ३० ते ३५ मध्यम, ३५ ते ४० ठळक, ४० च्या पुढे तीव्र. मधल्या छेदात अवयव कुठवर उतरले ते सिम्फिसिसच्या खालच्या कडेपासून: मूत्राशय १० मिलिमीटर किंवा जास्त खाली, गुदाशय १५ मिलिमीटर किंवा जास्त खाली, गर्भाशयमुख कडेच्या वर १५ मिलिमीटरच्या आत आलेलं. यातलं काही भरलं तर तक्रारीशी ताडून पाहायचं. तक्रार नसलेल्या बाईला नुसत्या आकड्यावरून घाबरवायचं कारण नाही.

गुदद्वाराच्या स्नायूसाठी प्रोब आडवा करून मागे कलवायचा. मधे श्लेष्मल त्वचेची चांदणी, भोवती काळी कडी म्हणजे आतला स्नायू, त्याबाहेर पांढरट कडी म्हणजे बाहेरचा. या स्नायूच्या सहा कापांपैकी चार किंवा जास्त कापांत ३० अंशांहून मोठी खिंड दिसली तर राहून गेलेली इजा. चौथ्या श्रेणीची चीर शिवलेल्या बाईत हे बघायचं टाळू नका. पुढचं बाळंतपण कसं करायचं हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.

रिपोर्ट आणि त्यानंतरचं बोलणं

रिपोर्टमध्ये बाळंतपणाचा प्रकार आणि किती महिने झाले ते आधी. मग आवळता येतं का, कुंथताना बाईनं आवळून धरलं होतं का, प्रत्येक बाजूचा निकाल वेगळा, दोन्ही बाजूंची अंतरं, हायेटसचं क्षेत्रफळ, अवयवांची उतरण. "लिव्हेटर नॉर्मल" एवढीच ओळ लिहू नका. पुढे कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला ती गेली तर तिथल्या सर्जनला तुमच्या त्या ओळीतून काहीच कळणार नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर अंग पुन्हा उतरण्याची शक्यता अ‍ॅव्हल्शन असलेल्या बाईत जास्त असते, ते त्यांना आधी ठाऊक असायला हवं. फोर्सेप्स लावणाऱ्या डॉक्टरबद्दल रिपोर्टमध्ये किंवा तोंडी एक शब्दही नको. त्या क्षणी बाळाचे ठोके काय होते हे तुम्हाला माहीत नाही.

बाईला चित्र दाखवून सांगा. मी गोफणच सांगते, कोकणातल्या शेतावरच्या बाईला ती लगेच कळते. "एका बाजूची गाठ सुटलीय. तुम्ही बाळंतपणात काही चुकलात म्हणून नाही. ती टाका घालून परत बसवायचा खात्रीचा उपाय आज नाही. पण बाकीचे धागे शाबूत आहेत, ते बळकट करता येतात." मग व्यायाम, आणि तो जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवून, तोंडी "रोज शंभर वेळा आवळा" असं सांगून नव्हे. बद्धकोष्ठ मोडा, खोकला असेल तर त्याचा इलाज करा, पहिले काही महिने भरलेले हंडे आणि लाकडाच्या मोळ्या दुसऱ्या कुणी उचलतील अशी घरात व्यवस्था करायला सांगा. हे शेवटचं नवऱ्याला किंवा सासूला बोलावून, डॉक्टरचा हुकूम म्हणून सांगितलं तरच होतं. बाईनं स्वतः सांगितलं तर ऐकलं जात नाही.

अंग बरंच उतरत असेल तर पेसरी, म्हणजे अंग वर धरून ठेवायला योनीत बसवायचं साधन. इथे रिपोर्ट थेट कामाला येतो: दोन्ही बाजू सुटलेल्या आणि हायेटस फुगलेला असेल तर साधी रिंग निसटण्याची शक्यता जास्त. बाईला हे आधी सांगून ठेवलं तर रिंग पडल्यावर ती तुमच्यावर चिडत नाही, दुसरा आकार बसवायला परत येते.

दुसऱ्या बाळंतपणाचा प्रश्न ती हमखास विचारते. एकदा पूर्ण सुटलेली गाठ दुसऱ्या खेपेला आणखी काय सुटणार, म्हणून नुसत्या अ‍ॅव्हल्शनसाठी मी सिझेरियनचा आग्रह धरत नाही. गुदद्वाराच्या स्नायूची इजा राहिली असेल तर मात्र तो विचार वेगळा आणि सविस्तर करावा लागतो.

पुढची तारीख देताना पंचांग जवळ ठेवा. गणपतीचे दिवस आणि लावणीचा महिना टाळा. त्या तारखांना कुणी येत नाही आणि मग सहा महिन्यांची तपासणी वर्षावर जाते.